एका काडीवरचा हिवाळा

मित्रांनो, मी एक जुनी, ओतीव लोखंडाची शेगडी आहे. सध्या माझा मुक्काम परसातल्या लाकडी खोपटात, बर्फ ओढायच्या फावड्यांच्या शेजारी आहे. माझ्या पोटात पूर्वी बर्चची लाकडे तडतडत असत. आता तिथे एका उंदराने लोकरीचे धागे आणून बिऱ्हाड थाटले आहे. मी त्याला काही बोलत नाही. घरात असताना मी काय करून बसले, हे ठाऊक नसलेला तोच एक जण आता आजूबाजूला आहे आणि त्याची सोबत मला बरी वाटते.

माझा जन्म एका ओतशाळेत झाला. वितळलेले लोखंड वाळूच्या साच्यात ओतले. थंड होऊन मी बाहेर आले, तेव्हा माझ्या कुशीवर मोठ्या शिंगांचे एल्क हरीण उभे होते. दाराच्या खाली हवा आत घ्यायला एक झडप होती आणि ती फिरवायला पितळी मूठ. ही मूठ लक्षात ठेवा, ती पुढे लागणार आहे.

मला घरी आणले आइलेव्हने. तो नदीकाठच्या लाकूड कापायच्या गिरणीत कामाला होता आणि त्याचे नुकतेच लग्न झाले होते. मला पायऱ्या चढवताना त्याच्या मेहुण्याच्या पायाचा अंगठा माझ्याखाली सापडला. तो बिचारा बोंबलत होता, आणि नवी नवरी बोर्गहिल्ड माझ्या कुशीवरून हात फिरवत म्हणाली, "बाई गं, काय देखणी आहे ही!" मला वाटते, मी त्याच क्षणी बिघडले. कौतुक पचवण्याची ताकद माझ्यात कधीच नव्हती.

नॉर्वेतल्या आमच्या दरीत हिवाळा सहा-सात महिने ठाण मांडून बसतो. ऑक्टोबरात शेगडी पेटते, ती मे महिन्यात विझते. इथल्या पुरुषांना एका गोष्टीचा फार अभिमान. एका काडीवर हिवाळा काढायचा! म्हणजे ऑक्टोबरात एकदा काडी ओढायची आणि मग मेपर्यंत काडेपेटीला हात लावायचा नाही. रोज रात्री दहा वाजता शेगडीत लाकडे भरायची आणि मूठ फिरवून झडप जवळजवळ बंद करायची. मग आग भडकत नाही, आतल्या आत कुढत राहते. सकाळी राख बाजूला सारली की खाली लाल निखारे असतात. त्यांवर चार ढलप्या टाकल्या आणि झडप उघडली की घर पुन्हा उबदार. बर्फ वितळू लागला की दुकानातल्या कॉफीच्या टेबलावर हे लोक एकमेकांना विचारतात, "काय रे, यंदा किती काड्या?" ज्याच्या तीन-चार झाल्या असतील तो कपात बघत बसतो. आइलेव्ह काही न बोलता एक बोट वर करी.

खरे सांगते, झडप बंद झाली की माझा जीव घुसमटे. आगीला हवा लागते. ती मिळाली नाही की लाकूड धड जळत नाही. ते धुमसत राहते आणि जे जळायचे राहिले ते धूर होऊन धुराड्यातून बाहेर पडते. दिवसा झडप उघडी असताना माझा धूर शोधावा लागे. रात्री मात्र तो करडा, जड आणि चिकट होई. पण सकाळी आइलेव्ह माझ्या पाठीवर थाप मारून म्हणणार असे, "शाब्बास, म्हातारे!" (मी चार वर्षांची होते तेव्हापासून तो मला म्हातारे म्हणे.) त्या शाब्बासकीसाठी मी रात्र रात्र धूर ओकत राहिले.

इथे दुसरीही एक रीत आहे. बाहेर बादलीतले पाणी दगड झाले असले तरी झोपायच्या खोलीची खिडकी उघडी ठेवायची. ताज्या हवेशिवाय झोप कसली, असे इथल्या शेंबड्या पोराचेही मत आहे. झोपायची खोली माडीवर होती आणि माझे धुराडे तिच्या खिडकीपासून चार हातांवर. खिडकीची कडी झिजलेली होती, म्हणून बोर्गहिल्ड फटीत दोऱ्याचे रिकामे रीळ अडकवून ठेवी. मुलगी सुनिव्हा तान्ही होती तेव्हा तिलाही बाबागाडीत घालून थंडीत बाहेर निजवत. त्याने मूल दणकट होते म्हणे. बाबागाडी उभी असे ती त्याच भिंतीपाशी, आणि तिच्या निळ्या छपरावर काळी पूड बसे. बोर्गहिल्ड ती फडक्याने पुसून टाकी आणि खालून जाणाऱ्या आगगाडीला शिव्या घाली. मी गप्प बसे.

अशी एकोणपन्नास वर्षे गेली. सुनिव्हा शिकली आणि शहरातल्या इस्पितळात रक्त तपासायच्या कामाला लागली. आइलेव्हची नोकरी संपली, पण लाकडे फोडणे संपले नाही. त्याने रचलेली थप्पी बघायला रस्त्याने जाणारे लोक थांबत. पन्नासाव्या ऑक्टोबरात त्याने काडी ओढली, तेव्हा शेजारची तूर्डिस मुद्दाम बघायला आली होती. ही बाई पूर्वी टपाल वाटायची, त्यामुळे प्रत्येकाच्या घरात शिरायचा हक्क आपल्याला आहे असे तिला अजून वाटते.

"पन्नासावा हिवाळा एका काडीवर निघाला ना आइलेव्ह, तर मे महिन्यात मी केक करीन," ती म्हणाली. "आणि वर मेणबत्ती नाही, एकच काडी खोचीन."

"पेटवलेली की विझलेली?" बोर्गहिल्डने विचारले.

"पेटवलेली. फुंकू दे त्याला. जन्मात एकदा तरी यानं काहीतरी विझवलेलं बघायचंय मला."

"तू बोलत राहा," आइलेव्ह म्हणाला. "तुझ्या गेल्या वर्षी अकरा काड्या झाल्या होत्या."

"मोजतोस होय माझ्या काड्या? मेल्या, दुसरे उद्योग नाहीत तुला!"

सगळे हसले. मीही आतल्या आत तडतडले. आम्हा सगळ्यांनाच तो मे महिना हवा होता.

नोव्हेंबरात बोर्गहिल्डच्या जबड्यात आणि पाठीत कळा येऊ लागल्या. लाकडे रचून अंग आंबले असेल म्हणून तिने दोन दिवस अंगावर काढले. तिसऱ्या दिवशी तिला शहरात न्यावे लागले. हृदयाच्या धमनीत रक्ताची गुठळी अडकली होती. तिथे स्टेंट बसवला, रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या दिल्या आणि आठवड्याने घरी सोडले. त्या आठवड्यात आइलेव्ह रोज तिच्याजवळ बसे आणि रोज संध्याकाळी दीड तास गाडी चालवून परत येई, फक्त विस्तव राखण्यासाठी. ती येईल तेव्हा घर गार नको, असे तो तूर्डिसला सांगे. ते खरेच होते. काडीचेही खरे होते. माणसाच्या मनात दोन्ही गोष्टी एका वेळी मावतात, हे मी जवळून पाहिले आहे.

घरी सोडताना डॉक्टरांनी सांगितले होते, ऊब सोडू नका आणि ताजी हवा घेत जा. झाले! आइलेव्हने ऊब तेवढी ऐकली आणि बोर्गहिल्डने हवा तेवढी ऐकली. तो रात्री माझ्या पोटात दोन लाकडे जास्त कोंबू लागला आणि ती खिडकी बोटभर जास्त उघडू लागली. दोघेही डॉक्टरांचा शब्द पाळत होते आणि दोघांच्या मधे मी होते.

जानेवारीत सुनिव्हा एक छोटी डबी घेऊन आली. हवेतले बारीक कण मोजायची ती डबी तिने मैत्रिणीकडून मागून आणली होती. तिचा संशय खालच्या रस्त्यावरच्या ट्रकवर होता. आईची खोली रस्त्याच्या बाजूची, तेव्हा ती मागच्या खोलीत हलवावी, एवढेच तिला सिद्ध करायचे होते. आठवडाभर डबी माडीवरच्या खिडकीत राहिली. रविवारी न्याहारीच्या टेबलावर तपकिरी चीज आणि जॅमच्या बरण्या बाजूला सारून सुनिव्हाने डबीच्या आकड्यांची चढती-उतरती रेघ काढलेला एक कागद पसरला.

"हे बघ बाबा. दुपारी चारला सगळे ट्रक जातात, तेव्हा रेघ केवढीशी आहे. आता रात्री दहाला बघ."

रेघ दहाला उभी चढली होती आणि पहाटेपर्यंत वरच होती. सातही रात्री.

"दहाला ट्रक नसतात," आइलेव्ह म्हणाला.

"तेच म्हणतेय मी. रोज दहाला काय करतोस तू?"

"दात घासतो," बोर्गहिल्ड म्हणाली. मग तिचे हसू मावळले. "आणि झडप लावतो."

तिघांनीही माझ्याकडे पाहिले. एवढ्या वर्षांत त्यांनी मला किती वेळा पाहिले असेल, पण असे कधी पाहिले नव्हते.

"लाकडाचा धूर आहे तो, पोरी," आइलेव्ह म्हणाला. "कारखान्याचा नाही. माझे आजोबा याच धुरात नव्वद वर्षं जगले."

"आणि आजी?"

"ती लवकर गेली."

"कशानं?"

आइलेव्ह पावावर लोणी लावत राहिला. आधीच लावलेल्या लोण्यावर. मग म्हणाला, "हृदयानं. पण तेव्हा कशानंही जायची माणसं."

सुनिव्हा भांडली नाही. तिने आईकडे वळून विचारले, "आई, पांढऱ्या सॉसमध्ये पीठ भसकन पडलं तर काय होतं?"

"गुठळ्या. पण मी भसकन टाकत नाही."

"हो गं, माहीत आहे. धुराचे हे कण इतके बारीक असतात की एका केसाच्या जाडीत तीस बसतील. ते नाकात अडकत नाहीत, घशात अडकत नाहीत, थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात. शरीराला वाटतं, चोर शिरला. मग सगळीकडे आरडाओरडा, सूज. रक्तातल्या प्लेटलेट्स एरवी सुट्या फिरतात, त्या चिकट होतात आणि एकमेकींना धरून बसतात. रक्तवाहिन्या आकसतात, हृदयाचा ठोका चुकायला लागतो. धडधाकट माणसाला पत्ताही लागत नाही. तुझं तसं नाही."

"मी गोळ्या घेते ना पण."

"गोळ्या एकीकडे ओढतात, धूर दुसरीकडे."

मित्रांनो, हे ऐकून माझे लोखंड गार पडले. माझ्या आत आग होती, तरीही. मला नेहमी वाटे, माझा धूर आभाळात जातो आणि विरून जातो. चार हातांवरच्या खिडकीत रीळ अडकवलेले आहे, हे मला पन्नास वर्षे ठाऊक होते. तरी त्याचा अर्थ मी कधी लावला नव्हता. लावायचा नव्हता, हे जास्त खरे.

"मग काय करू?" आइलेव्हने चिडून विचारले. "गारठवू का तिला?"

"विजेचा हीटर आणते मी. आणि शेगडी पेटवायचीच असेल तर झडप उघडी ठेवून पेटव आणि रात्री विझू दे. सकाळी नवी काडी ओढ. तीन सेकंद लागतात, बाबा."

नवी काडी! आइलेव्ह बोटांवर महिने मोजू लागला. शेवटी आइलेव्ह म्हणाला, "फेब्रुवारी, मार्च, एप्रिल. तीनच महिने राहिलेत. पन्नास होऊ दे. मग हिला मी हात लावणार नाही."

त्या वेळी बोर्गहिल्डने 'नाही' म्हणायला हवे होते. तिने त्याच्या तोंडाकडे पाहिले. एवढ्या संसारात ज्या माणसाने स्वतःसाठी कधी काही मागितले नव्हते, तो एक मे महिना मागत होता.

"होऊ दे पन्नास," ती म्हणाली. "पण मे महिन्यात ही विझली पाहिजे, आइलेव्ह."

"शब्द देतो."

सुनिव्हा कागदाची घडी करत म्हणाली, "तुम्ही दोघं एकमेकांना साजेसे आहात," आणि तिने खिडकी तरी लावून घ्यायला आईला सांगितले. बोर्गहिल्डने दोन रात्री लावली. डोके जड होते, कोंडल्यासारखे वाटते, अशी तक्रार तिने केली आणि तिसऱ्या रात्री रीळ पुन्हा फटीत गेले. ताज्या हवेची सवय होती तिला.

फेब्रुवारीत तीन दिवस अशी थंडी पडली की वारा जागचा हलेना. अशा दिवसांत दरीतली गार हवा झाकणासारखी खाली बसते. माझा धूर धुराड्यातून निघाला, छपराइतका वर गेला आणि मोडून परत खाली आला. तो कुठे जातो आहे ते मला कळत होते. शेगडीला ओरडता येत असते तर मी ओरडले असते, असे आता म्हणणे सोपे आहे. पण त्या तिन्ही सकाळी मी शाब्बासकीची वाट पाहिली, हेही सांगितले पाहिजे.

तिसऱ्या सकाळी बोर्गहिल्ड खाली आली. आइलेव्ह दारापुढचा बर्फ ओढत होता. तिने कॉफीचे भांडे भरले, ते माझ्यावर ठेवले आणि मग एक हात छातीवर दाबून दुसऱ्या हाताने माझा आधार घेतला. रात्रभर धुमसून मी कोमट झाले होते. तिच्या हाताला चटकाही बसला नाही. "आइलेव्ह," ती हाक मारल्यासारखी नाही, नुसते नाव घेतल्यासारखी म्हणाली आणि माझ्या कुशीवरच्या एल्कवरून तिचा हात घसरत खाली गेला. तो आत आला, धावला, फोन केला. रुग्णवाहिका लवकर आली. दुपार व्हायच्या आत ती इस्पितळातच वारली.

प्रेतयात्रेच्या दुसऱ्या दिवशी बापलेक त्याच टेबलाशी बसले होते. आइलेव्हने मान खाली घालूनच विचारले, "माझ्यामुळे का गं?"

"बाबा, तिची सत्तरी उलटली होती. एक झटका आधी येऊन गेला होता. कारणं पुष्कळ असतात. मी रोज काचेखाली गुठळ्या बघते, त्यांच्यावर कुणाचं नाव लिहिलेलं नसतं."

"पण ती रेघ होती ना?"

सुनिव्हाला खोटे बोलता येत नाही. लहानपणापासूनच येत नाही. "हो," ती म्हणाली. "रेघ होती."

आइलेव्ह उठून माझ्यापाशी आला. माझ्यात विस्तव होता. घरात मृत्यू झाला तरी त्या दिवसांत कोणी ना कोणी सवयीने लाकडे घालतच होते. त्याने चांगली सुकी दोन लाकडे घातली आणि माझी मूठ फिरवून झडप पूर्ण उघडली, होती तेवढी. मग समोर स्टूल घेऊन बसला. मी जळले. पोटभर हवा घेऊन, स्वच्छ, पिवळ्या ज्वाळांनी जळले. तूर्डिस अंगणातून येत होती. ती दाराबाहेरच थांबून वर धुराड्याकडे बघत म्हणाली, "शेगडी चालू आहे ना रे? धूर कसा दिसत नाही?"

आइलेव्हने तोंड दोन्ही हातांनी झाकून घेतले. एवढे सोपे होते ते. एक मूठ फिरवायची होती. संध्याकाळच्या आत मी विझले आणि पन्नासावा हिवाळा फेब्रुवारीतच संपला. मे महिन्यात केक झाला नाही.

वसंतात त्याने मला खोपटात आणून ठेवले. घरात आता विजेचा हीटर आहे. कॉफीच्या टेबलावर त्याला कोणी काड्यांचे विचारीत नाही, पण तो स्वतःहूनच सांगतो, "दहाला झडप लावू नका रे." काही जण ऐकतात. काही म्हणतात, एवढा हिवाळा जाऊ दे. तूर्डिसने मात्र रोज नवी काडी ओढायला सुरुवात केली आहे आणि ती आपल्या काड्यांचा आकडा मोठ्या दिमाखात सगळ्यांना ऐकवते.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू आपली गोष्ट संपवताना म्हणतात, आमची काळजी घ्या, आम्हाला विसरू नका. ते म्हणायला मला तोंड नाही. माझी काळजी घेऊ नका. तुमच्या घरात, अंगणात, गल्लीत जे काही जळत असेल, त्याचा धूर कोणाच्या खिडकीत जातो ते बघा, आणि तिथे झोपणाऱ्याचे हृदय थकलेले असेल तर मे महिन्याची वाट पाहू नका.

मला इथे आणण्याआधी आइलेव्हने माझी पितळी मूठ काढून घेतली. बोर्गहिल्डचे रीळ त्याने तिच्याबरोबर शवपेटीत ठेवले होते, त्यामुळे माडीवरची खिडकी वाऱ्याने आपटत होती. आता त्या फटीत माझी मूठ अडकवलेली आहे. खोपटाच्या दारातून मला ती दिसते. आइलेव्ह खाली बैठकीच्या बाकावर झोपतो. वरची खिडकी रोज रात्रभर उघडी असते, हवा अगदी स्वच्छ असते आणि ती घ्यायला खोलीत कोणी नसते.